एक बाण, सात प्रांत आणि एक भोक

डच नाण्यांच्या लिलावाची यादी वाचायला स्थळांच्या जाहिराती वाचायचा अनुभव लागतो. 'खूत' म्हणजे चांगलं. यादीत हा नाण्याच्या अवस्थेचा शेरा. अर्थ, इथे पूर्वी नाणं होतं. 'फ्राय' म्हणजे सुंदर. अर्थ, नाकडोळे झिजलेत. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला आलो तेव्हा मी हे शब्द भाषेच्या क्लासात शिकवले तसेच धरले आणि एक 'झेर फ्राय', फार सुंदर, सोन्याचा डुकाट घेऊन बसलो.

डुकाट म्हणजे साडेतीन ग्रॅम सोनं, पापडासारखं पातळ. डच प्रांत तो 1586 पासून पाडत होते. त्याची पत एवढी, की रशियानं पुढे पीटर्सबर्गच्या टांकसाळीत गुपचूप हुबेहूब तसेच पाडले. एका अंगाला चिलखतातला सरदार, हातात तलवार आणि सात प्रांतांच्या बाणांची जुडी. भोवती लॅटिनमध्ये लिहिलेलं : एकीनं लहान गोष्टी मोठ्या होतात. (किंमत कळेपर्यंत आमच्या घरातही एकी होती.)

साल सरदाराच्या दोन बाजूंना विभागलेलं असतं. माझ्या डुकाटावर डावीकडे 16. उजवीकडे 4 आणि पुढे गुळगुळीत डाग. दुर्मिळ डुकाट आणि साधा डुकाट यांत कधीकधी फरक असतो तो नेमका या शेवटच्या आकड्याचा. रात्रभर भिंगातून मी तिथे कधी 1 पाहिला, कधी 8.

नाण्यांच्या बाजारातल्या म्हाताऱ्यानं नाणं दिव्याखाली जरासं तिरकं केलं. "भोक होतं. बुजवलंय." कुणीतरी तो गळ्यात घातला होता, तोही असा की सरदार आडवा लोंबेल.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. तिच्याकडे पुतळ्यांची माळ आहे. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा डुकाटच, आपल्याकडे येऊन दागिना झालेला. तिनं चष्मा लावून पाहिलं.

"भोक कुणी बुजवलं? तेवढंच कामाचं होतं त्यात. आता ओवणार कसा?"

"आई, भोकामुळेच त्याची किंमत गेली."

"वजन किती?"

"साडेतीन ग्रॅम."

मग तिनं विचारलं, पैसे किती दिलेस. मी लिलाववाल्याचं कमिशन वगळून सांगितले. तरी पलीकडे बराच वेळ शांतता.

"अर्धा तोळासुद्धा नाही रे. घडणावळ किती लावली त्यानं?"

"पावणेचारशे वर्षांची."

"म्हणजे जुनं सोनं. मग घट धरली का?"