'वायरमनला इंजिनिअरिंग कळत नाही' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) ट्रकचं इंजिन बदलल्यावर युरियाची लाइट, म्हणजे एक्झॉस्टमधला वायू युरियाने साफ करणाऱ्या यंत्रणेची इशारा देणारी लाइट, का जात नाही, यावर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नाव नाही, पण आपण मेकॅनिकल इंजिनिअर असून गाड्यांचा ताफा सांभाळतो, असं त्यांनी लिहिलंय. प्रतिक्रिया थोडक्यात अशी: "स्कॅनर सरळ नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) सेन्सर दाखवतोय तर सेन्सर बदलायचा. वायरी हुडकत बसणं म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी उभी ठेवून बिल फुगवणं. वायरमनला इंजिनिअरिंग कळत नाही, म्हणून त्याला सगळीकडे वायरच दिसते. आमच्या एका गाडीला इंजिन बदलल्यावर एसपीएन ३२२६, एफएमआय ९ आला (पहिला आकडा तक्रार कशाची ते सांगतो, दुसरा कोणत्या प्रकारची ते). सेन्सर बदलला, कोड परत आला, आता दुसरा सेन्सर मागवलाय. नाहीतर अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा, लूम) बदला किंवा युरिया बंद करून घ्या, पीयूसी तरी पास होतेच. आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो, हे तर तुम्ही लिहिलंच नाही."

साहेब, शेवटचा मुद्दा मान्य. दुसरं इंजिन बसवलं की आरटीओत जाऊन नंबर आरसीवर चढवून घ्यावाच लागतो. लेख वायरिंगचा होता म्हणून ते आलं नव्हतं, आज तशी ओळ घातली आहे.

आता त्या वायरमनच्या वाक्याकडे येतो. मतभेद असू द्या, त्याचं मला काही नाही. पण एका अख्ख्या धंद्याला एका वाक्यात चोर आणि अडाणी ठरवायचं, हे मला लागलं. मी शिरोलीत उस्तादांच्या हाताखाली शिकलो तेव्हा ट्रकचं वायरिंग म्हणजे दिवे, हॉर्न, सेल्फ आणि चार्जिंग. डिझेल पंपाला वायरीशी देणंघेणं नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि त्याच ट्रकच्या पोटात युरियाचा पंप, दोन नॉक्स सेन्सर, एक्झॉस्टचे तापमान सेन्सर, फिल्टरचा प्रेशर सेन्सर आणि या सगळ्यांना बोलतं ठेवणारी कॅनची जोडवायर आली. ते मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही. इंग्रजी मॅन्युअल शेजारी डिक्शनरी ठेवून वाचली आहेत, रात्री, गॅरेज बंद केल्यावर. तुमच्या पदवीचा मी मान ठेवतो. माझ्या हातातल्या मीटरचा मान तुम्ही ठेवायला हवा होता.

आणि इंजिनिअरिंगच काढलंत म्हणून विचारतो, तुम्ही स्वतः लिहिलेला कोड पुरता वाचलात का? ३२२६ म्हणजे मागच्या, सायलेन्सरच्या तोंडाकडच्या नॉक्स सेन्सरचा विषय. इथपर्यंत सगळे वाचतात. पण त्यापुढचा ९ काय सांगतो? सेन्सरचा संदेश ठरल्या वेळेत ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे, पोचत नाही, एवढंच. सेन्सर मेला असेल तर पोचणार नाही. त्याचं २४ व्होल्ट पडत असेल तरी पोचणार नाही. अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) कच्चा असेल, कॅनची एखादी वायर चेपली असेल, तरी नाही. स्कॅनर नाव सेन्सरचं घेतो, कारण त्याला तेवढंच नाव ठाऊक असतं. 'सेन्सर बदला' असं तो कुठंही म्हणत नाही, ते आपण म्हणतो.

शिवाय जरा साधा विचार करा. इंजिन उतरवताना कशाकशाला हात लागला? नॉक्स सेन्सर चेसिसवरच्या सायलेन्सरच्या पेटीवर बसलेला, त्याला कुणी शिवलंही नाही. लूम मात्र ओढून बाजूला बांधला गेला, कपलर (वायरी जोडणारे प्लग) निघाले, अर्थच्या पट्ट्या सुटल्या, गिअरबॉक्स जोडताना वायर मध्ये सापडायची शक्यता आली. इंजिन चढवल्यावर लाइट लागली तर आधी संशय कुणावर घ्यायचा? न हललेल्या वस्तूवर?

एक गाडी सांगतो. रत्नागिरीकडून माल घेऊन येणारी. इंजिन बाहेरून बांधून आणलेलं, छान रंगवलेलं. गाडी गॅरेजात उभी असताना एकही तक्रार नाही. लोड घेऊन आंबा घाटात लागली की मागचा नॉक्स गायब, लाइट, मग पिकअप कमी. ड्रायव्हर बिचारा घाटातच अडकायचा. त्यांनीही आधी सेन्सर बदलला होता. आमच्याकडे आली तेव्हा मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकला धरून सेल्फ मारायला सांगितला. दोन व्होल्टच्या वर आकडा गेला. तो फार तर काही दशांश दिसायला हवा. अर्थची पट्टी खोलली तर लगखाली, म्हणजे पट्टीच्या टोकाखाली, ब्लॉकचा रंग जसाच्या तसा, बोल्टच्या आट्यांतही रंग. पॉलिश पेपरने घासून पत्रा पांढरा केला, पट्टी परत आवळली, आकडा खाली आला.

पण लाइट तेवढ्याने गेली नाही. सेन्सरच्या कपलरवर मीटर पूर्ण २४ दाखवत होता, आणि नेमकं इथंच भलेभले फसतात. मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीतल्या तांब्याची शेवटची एक काडी शाबूत असली तरी तो २४ दाखवतो. मी कपलरच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब लावला. तो काजव्यासारखा मिणमिणला. वायर चाचपत मागे गेलो तर गिअरबॉक्सच्या वर, ब्रॅकेटखाली लूम चेपलेला आणि आत तांबं हिरवं पडलेलं. नॉक्स सेन्सरच्या आत हीटर असतो. एक्झॉस्टमधलं पाणी वाळल्याशिवाय ईसीयू तो चालू करत नाही, नाहीतर गरम सिरॅमिकवर थेंब पडून ते तडकतं. म्हणून थंड गाडीवर सगळं ठीक, आणि घाटात एक्झॉस्ट तापला, हीटरने करंट मागितला, की व्होल्टेज बसायचं आणि सेन्सर गप्प व्हायचा. वायर जोडली, क्रिम्प करून (दाबून), कारण सोल्डरचा सांधा हादऱ्याने शेजारीच तुटतो. त्यांचा जुना सेन्सर ड्रायव्हरच्या सीटखालून काढून परत बसवला. अजून त्याच सेन्सरवर गाडी चालते आहे. या कामाला बिल फुगवणं म्हणायचं असेल, तर बाद म्हणून काढलेल्या त्या चांगल्या सेन्सरच्या पैशाला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

हार्नेसबद्दल एवढंच की जळालेल्या लूमला मीही अख्खा बदलायला सांगतो. चेपलेल्या एका वायरीसाठी नाही.

युरिया बंद करायचा सल्ला माझ्या पानावर कुणी देऊ नये. जड गाड्यांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ ला ती ०.४ वर आली, आणि ती गाठण्यात मोठा वाटा या युरियाचा आहे. डिझेलच्या पीयूसीत फक्त धूर मोजतात, हा वायू मोजतच नाहीत. त्यामुळे पीयूसी पास झाली याला काही अर्थ नाही. माझं गॅरेज हायवेलगत आहे. ती हवा माझी पोरं घेतात. यावर मी वाद घालणार नाही.

बाकी 'जुनाट पद्धती' वगैरे जे लिहिलंय त्याला उत्तर देत नाही.

तुमची गाडी मात्र अजून उभी असेल, तर दुसरा सेन्सर बसवायच्या आधी तीन कामं करा. सेल्फ मारताना ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह मोजा. सेन्सरच्या कपलरवर २१ वॅटचा बल्ब लावून त्याचा उजेड बघा, आणि तो पेटलेला असताना कुणालातरी लूम हलवायला सांगा. मग बॅटरी कटऑफ करून डायग्नोस्टिक सॉकेटवर कॅनच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास यायला हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे दोन रोध असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय किंवा जुन्या इंजिनाच्या लूमबरोबर भंगारात गेलंय. ४० आले तर नव्या लूमबरोबर तिसरा रोध आत आलाय. सेन्सरकडे जाणारी कॅनची लाइन वेगळी असेल तर हेच माप सेन्सरच्या कपलरवर घ्या. तीनही आकडे इथं खाली लिहा, गाडी कुठल्या मॉडेलची तेही लिहा. सेन्सरचं खोकं तोवर फोडू नका, फोडल्यावर दुकानदार परत घेत नाही.