मांजरं असती तरी प्लेग आलाच असता

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. मध्ययुगात पोपनं मांजरं मारायला लावली, उंदीर माजले आणि प्लेगनं अर्धा युरोप गारद केला. खाली ठरलेलं 'निसर्गाशी खेळू नका'. काल मामांनी पुन्हा टाकला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पोप नववा ग्रेगरी यानं १२३३ मध्ये जर्मनीतल्या पाखंड्यांविरुद्ध एक पत्र काढलं. त्यांच्या म्हणे पूजाविधीत एक काळं मांजर येतं, एवढाच त्यात मांजराचा संबंध. मारा असा हुकूम नाही. प्लेग आला १३४७ मध्ये, म्हणजे ११४ वर्षांनी! आणि कैरो-दमास्कसकडे मांजरांचे लाड व्हायचे, तिथंही १३४८ मध्ये माणसं पटापट मेलीच की. शिवाय प्लेग मांजरालाही होतो.

दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे क्रिमियातल्या काफा शहराच्या तटावरून मंगोलांनी गोफणयंत्रानं प्रेतं आत फेकली. हे लिहून ठेवणारा दे मुसी तेव्हा इटलीत पिआचेंझाला होता. असो.

मला पटतं ते कारण यापेक्षा फार साधं आहे: गहू. इटलीत १३४६-४७ ला पिकं बुडाली होती. जिनोआ, व्हेनिस या तिथल्या व्यापारी शहरांचं काळ्या समुद्राकाठच्या मंगोलांशी वाकडं आल्यामुळे तिकडचं धान्यही अडलं होतं. १३४७ मध्ये समेट झाला आणि भुकेल्या शहरांकडे धान्याची जहाजं सुटली. ऑक्टोबरात सिसिलीतल्या मेसिना बंदरात जिनोआची जहाजं लागली ती रोग घेऊनच. काही इतिहासकार म्हणतात की प्लेग या धान्यवाटेनं आला, आणि मला तरी हेच खरं वाटतं. धान्य बंदरातून बाजारात, बाजारातून कोठारात, तिथून गिरणीत जातं. उंदीर वेगळा कशाला न्यायला हवा?

आणि खरी कामगिरी उंदराचीही नाही, पिसवेची. उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसू उडी मारून दुसरं गरम अंग शोधते. तिच्या अन्ननळीत प्लेगचे जंतू बोळा होऊन बसलेले असतात. रक्त खाली उतरत नाही, भूक भागत नाही, म्हणून ती चावतच सुटते. दर चाव्याला अडकलेलं रक्त जंतूंसकट उलटून जखमेत जातं. माणसाच्या पिसवा आणि उवांचाही यात हात होता असं काही संशोधक म्हणतात, त्यावर वाद चालू आहे.

पॅरिसच्या वैद्यकीय पंडितांनी तेव्हा राजाला काय सांगितलं असेल? १३४५ मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले, त्यामुळे हवा बिघडली! आपल्याकडच्या पंचांगवाल्यांना उगाच नावं ठेवतो आपण. पण स्ट्रासबुर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ ला 'विहिरीत विष टाकलं' म्हणून शेकडो ज्यूंना जाळलं, तिथं हसू येत नाही. पोप सहावा क्लेमेंट सांगत होता की ज्यूही याच रोगानं मरताहेत. ऐकलं कुणी?

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो मांडवीत. बंदराला खेटून, धान्याच्या वखारींची वस्ती. प्लेग पिसवेमार्फत पसरतो हा धागा फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमॉ यांना १८९८ मध्ये कराचीत सापडला.

माझ्या पणजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण आजी सांगायची, आढ्यावरून उंदीर पडायला लागले की पणजी कुणालाही न विचारता चूल विझवायची, पोरं आणि दोन भांडी घ्यायची आणि माळावरच्या झोपडीत जाऊन राहायची.