फोर-के टीव्हीवर चित्र धूसर? नेटचा प्लॅन वाढवण्याआधी हे वाचा

घरच्या टीव्हीवर चित्र धूसर दिसत असेल तर काय करावं, याचा एक सल्ला व्हॉट्सअॅपवर आणि यूट्यूबवर सर्रास फिरतो. नेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा घ्या, सोन्याचा मुलामा असलेली एचडीएमआय केबल आणा, टीव्हीला जोडलेल्या बॉक्समध्ये २१६०पी (म्हणजे फोर-के) निवडा, टीव्हीला वायफायऐवजी लॅन केबल लावा आणि तरीही भागलं नाही तर टीव्हीच बदला. यातल्या बऱ्याच उपायांनी हकनाक पैसे जातात आणि चित्र तसंच राहतं, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘धूसर म्हणजे नेट कमी पडतंय.’ नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं, १०८०पीसाठी (फुल एचडी) ५. म्हणजे फोर-केला तासाला पावणेसात जीबीच्या आसपास डेटा. घरात एकाच वेळी दोन टीव्ही चालू असले तरी ५० एमबीपीएसचा प्लॅन त्याला पुरतो. मग अडतं कुठे? पहिली जागा सबस्क्रिप्शनची. नेटफ्लिक्सचा भारतातला मोबाइल प्लॅन ४८०पीवर थांबतो, बेसिक ७२०पीवर. वेग कितीही असला तरी त्यापुढे चित्र जात नाही.

दुसरी जागा वाइडवाइन. ओटीटीवरचं चित्र कुलूपबंद येतं आणि अँड्रॉइड उपकरणात ते उघडणाऱ्या या यंत्रणेला एल-१ (सर्वात वरची) ते एल-३ (सर्वात खालची) अशा पातळ्या असतात. स्वस्तातल्या, प्रमाणित नसलेल्या अँड्रॉइड बॉक्समध्ये बहुतेकदा एल-३ असतं, आणि त्यावर मोठ्या ओटीटी सेवा साधारण ४८०पीच देतात. बॉक्सवर ‘डीआरएम इन्फो’ हे अॅप टाकून ‘सिक्युरिटी लेव्हल’ ही ओळ बघा. एल-३ दिसलं तर प्लॅन वाढवून काही होणार नाही, प्रमाणित बॉक्स किंवा स्टिकच घ्यावी लागेल.

खरोखर वेगच कमी असेल तर तो मोजायचा टीव्हीवर, राउटरशेजारी मोबाइल धरून नव्हे. बाहेरून ३०० आले, पण दोन भिंतींपलीकडच्या टीव्हीपर्यंत वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यावर जेमतेम १० पोचत असले, तर टीव्हीच्या वाट्याला १०च येतात. इमारतीत राउटरांची दाटी असेल तर टीव्ही ५ गीगाहर्ट्झवर घ्या. तिथपर्यंत रेंज पोचत नसेल तर २.४वर १, ६, ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनल निवडा.

यूट्यूबचा खुलासा सर्वात सोपा. व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकातून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘करंट’पुढे १९२०×१०८० आणि ‘कनेक्शन स्पीड’पुढे ६०,००० केबीपीएस असे आकडे दिसले, तर नेटचा काहीच दोष नाही. एक तर व्हिडिओच तेवढ्या रेझोल्यूशनचा आहे, नाही तर उपकरणाला व्हीपी-९ किंवा एव्ही-१ कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) जमत नाही. यूट्यूबवर १०८०पीच्या वरचं चित्र याच दोन कोडेकमध्ये येतं.

आणि ज्यांच्या फायली घरच्याच कॉम्प्युटरवर आहेत, जेलीफिन किंवा प्लेक्स अशा सर्व्हर प्रोग्राममधून त्या टीव्हीवर बघतात, त्यांच्यासाठी तर नेट वाढवण्याचा सल्ला पूर्णच गैरलागू आहे. फाइल कॉम्प्युटरवरून राउटरकडे आणि राउटरवरून टीव्हीकडे जाते, घराबाहेर पडतच नाही. तिथे चित्र उतरण्याचं नेहमीचं कारण ट्रान्सकोडिंग, म्हणजे सर्व्हर मूळ फाइल पाठवण्याऐवजी ती चालता चालता नव्याने, बहुधा कमी बिटरेटने (दर सेकंदाला कमी डेटा वापरून) बनवून पाठवतो. फाइल चालू ठेवून जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. ‘डायरेक्ट प्ले’ असेल तर ठीक. ट्रान्सकोडिंग चालू असेल तर कारणही तिथेच कळतं. टीव्हीला डीटीएस प्रकारचा आवाज चालत नाही म्हणून नुसता आवाज बदलला जात असेल, तर चित्राला धक्का लागत नाही. सबटायटल मात्र घात करतं. ब्ल्यू-रेमधली पीजीएस सबटायटल्स चित्ररूपात असतात. ती टीव्हीच्या अॅपला दाखवता आली नाहीत की सर्व्हर ती चित्रावर छापतो, आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ पुन्हा बनवावा लागतो. सबटायटल बंद करून बघा. चित्र लगेच सुधारलं तर दुखणं सापडलं. त्याऐवजी एसआरटी, म्हणजे नुसत्या मजकुराची सबटायटल फाइल वापरा, आणि ती मराठी असेल तर यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील.

टीव्हीवरच्या अॅपची क्वालिटीची मर्यादाही बघून घ्या. ती ‘ऑटो’वर किंवा कमी बिटरेटवर अडकलेली असेल तर सर्वात वरचा पर्याय निवडा. प्लेक्समध्ये आणखी एक भानगड होते. नेट कंपनीचा राउटर वेगळा आणि त्याला जोडलेला आपला राउटर वेगळा, सर्व्हर एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर, अशी मांडणी असेल तर दोघांची थेट गाठ न पडण्याची शक्यता असते. मग प्रवाह प्लेक्सच्या रिलेमार्गे, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून, बाहेरून फिरून येतो आणि १-२ एमबीपीएसवर अडतो. आपला राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला की दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर येतात.

‘महागडी केबल घ्या.’ एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल असतो. केबल खराब असेल तर चमचमणारे ठिपके दिसतात, चित्र क्षणभर जातं किंवा पडदा काळा होतो. धूसर होत नाही. ६० हर्ट्झच्या फोर-केला १८ जीबीपीएस पेलणारी, ‘प्रीमियम हाय स्पीड’ लेबलची दोन मीटरची केबल पुरते. मुलाम्याने रेझोल्यूशन वाढत नाही. केबलपेक्षा मधल्या उपकरणाकडे बघा. बॉक्स जुन्या साउंडबारमधून किंवा स्प्लिटरमधून टीव्हीला जोडलेला असेल आणि त्याला एचडीसीपी २.२ (फोर-के चित्राचं कॉपी-संरक्षण) येत नसेल, तर बॉक्स १०८०पीवर किंवा त्याहून खाली उतरतो. बॉक्स थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीच्या ‘एआरसी’ एचडीएमआय पोर्टमधून साउंडबारकडे न्या. बॉक्स लावलेल्या पोर्टसाठी सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीवर ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ चालू आहे ना, तेही तपासा.

‘बॉक्समध्ये २१६०पी निवडलं की झालं.’ ते निवडावंच, पण तो आकडा बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा. आत ४८०पीचा व्हिडिओ असला तरी बॉक्स तो ताणून २१६०पी करतो, आणि टीव्हीच्या इन्फो बटणावर ३८४०×२१६० झळकतं. फाइलचं खरं माप बघायला ती कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून कंट्रोल-जे दाबा. १९२०×८०० दिसलं तर घाबरू नका. रुंद पडद्याच्या सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या कापलेल्या असतात, फाइल फुल एचडीच आहे.

‘लॅन वायफायपेक्षा वेगवानच.’ ओटीटीसाठी लॅन उत्तम, तिथे वाद नाही. पण कितीतरी फोर-के टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं आणि यूएचडी (फोर-के) ब्ल्यू-रे डिस्कवरून घेतलेल्या फाइलचा प्रवाह १००च्याही वर जाऊ शकतो. अशा फायली लॅनवर अडखळत असतील तर टीव्ही ५ गीगाहर्ट्झ वायफायवर टाकून बघा. सर्व्हरची केबलही तपासा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ १०००/१०००ऐवजी १००/१०० दिसत असेल, तर राउटरचं पोर्ट तेवढंच आहे किंवा केबलच्या आठपैकी एखादी तार तुटलेली आहे. १००ला चार तारा पुरतात, १०००ला आठही लागतात.

‘टीव्ही बदला.’ केबलवरचा एसडी चॅनल मुळात ७२०×५७६चा. तो ५५ इंचांवर धूसरच दिसणार, टीव्ही कुठलाही आणा. एचडी चॅनलच्याही कडा कापल्या जात असतील, बातम्यांची पट्टी अर्धी दिसत असेल, तर ओव्हरस्कॅन, म्हणजे टीव्हीने चित्र मोठं करून कडा कापणं, चालू आहे. सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’, एलजीवर ‘जस्ट स्कॅन’ चालू करा, शार्पनेस खाली आणा, आणि मग चित्र पुन्हा बघा.