रिव्हरवर डोळे झाकून ठोका? आमच्या टेबलावर येऊन बघा एकदा

आमच्या ग्रुपवर आठवडाभर एकच फॉरवर्ड फिरतंय. "पोकरमध्ये शेवटचं पान (रिव्हर) पडलं की पत्ते कसे पण असू दे, पॉटच्या दुप्पट बेट ठोका, समोरचा फोल्ड करतोच. मनीमेकर असाच चॅम्पियन झाला. चेक करणारा भित्रा." चौघांनी अंगठा पण दिलाय त्याला. (पॉट म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, फोल्ड म्हणजे पत्ते टाकून पळणं, चेक म्हणजे बेट न करता पुढं जाणं. मनीमेकर म्हणजे २००३ चा पोकरचा जगज्जेता.)

पहिलं म्हणजे फोल्ड करतोच म्हणजे कोण करतो बे? आम्ही सात रस्त्याजवळ मित्राच्या गच्चीवर बसतो, पैसे नाय, नुसत्या चिप्स, हरला त्यानं पुढच्या शनिवारी भजी आणायची. २०२५ च्या कायद्यानं ऑनलाइन पैशाचा खेळ बंद झाला तसे ॲपवाले पण इथंच येऊन बसायला लागले. सगळी तीन पत्तीवर वाढलेली पोरं, "शो बघू दे की" हे हाडात मुरलंय, दुर्रीची जोडी घेऊन कॉल मारतात (बेटएवढ्या चिप्स घालतात) आणि ते पण जिंकायला नाय, तू काय धरून बसलायस ते बघायला.

आता दुप्पट बेट. पॉटमध्ये ४०० आहेत समजा. २०० चा ब्लफ (हातात काही नसताना मारलेली बेट) ३ पैकी १ वेळा चालला तरी बरोबरी सुटते, ४०० चा २ पैकी १ वेळा चालायला पाहिजे, आणि ८०० चा ३ पैकी २ वेळा. जेवढं मोठं ठोकाल तेवढा जास्त वेळा समोरचा पळाला पाहिजे, आणि आमच्यात पळतंय कोण! शिवाय फ्लॉपवर (टेबलावर पहिली तीन पानं पडल्यावर) हातातले धरून चार इस्पिक जमले असतील तर पुढच्या दोन पानांत फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) लागायचा चान्स साधारण ३५ टक्के असतो, तिथला ब्लफ पकडला गेला तरी जीव शिल्लक असतो. रिव्हरनंतर पानच येत नाय, पकडलं की खेळ खलास.

मनीमेकरचं तर अर्धवटच सांगितलंय. २००३ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या फायनलमध्ये समोर सॅम फार्हा, टेबलावर नव्वी, छक्की, अठ्ठी अशी तीन इस्पिकची पानं. मनीमेकरकडं इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती, म्हणजे फ्लश पण अर्धा आणि स्ट्रेट (ओळीतली पाच पानं) पण अर्धा. टर्नवर (चौथ्या पानावर) फार्हानं ३,००,००० ची बेट केली तेव्हाच यानं रेज मारून ती ८,००,००० वर नेली होती. रिव्हरवर काहीच लागलं नाय, तरी ऑल-इन गेला (सगळ्या चिप्स लावल्या) आणि फार्हानं नव्व्यांची जोडी टाकून दिली. बघा ना, फ्लश लागलाय ही गोष्ट टर्नपासूनच सांगत आणली होती आणि इस्पिकचा राजा स्वतःच्याच हातात, म्हणजे राजावाला फ्लश समोर असायची भीतीच नाय. आणि समोरचा माणूस फोल्ड करू शकणारा होता, ते तर सगळ्यात मोठं. शेवटच्या पानावर अचानक अंगात आल्यासारखं नव्हतं ते.

चेक करणारा भित्रा वगैरे सोडा. ना भारी ना हलके असे मधले पत्ते घेऊन बेट केली की खालचे पत्तेवाले पळतात, वरचे पत्तेवाले कॉल करतात, मग मिळालं काय?

ठोकायचंच असेल तर चांगल्या हातावर ठोका, कारण आमच्यासारखे कॉल करणारच. अगदी टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी असली तरी अर्ध्या पॉटची बेट करा, दुर्रीवाला चिप्स आणून देतो.

ज्यानं हे फॉरवर्ड टाकलं त्यानंच गेल्या शनिवारी चुकलेल्या स्ट्रेटवर ऑल-इन ठोकला, समोरून छक्क्यांच्या जोडीनं कॉल आला. या शनिवारी भजी त्याच्याकडं, शेंगाचटणी विसरू नको म्हणावं.