शिट्टी न वाजवता ४८९ विजय

अमेरिकन कॉलेज फुटबॉल म्हटलं की लाखभर प्रेक्षकांचं स्टेडियम आणि कडेला उभा राहून गळा फाडणारा, लाखो डॉलर पगाराचा कोच डोळ्यांसमोर येतो. पण त्या खेळात सगळ्यात जास्त सामने जिंकलेला माणूस असल्या कॉलेजात कधी नव्हताच. जॉन गलार्डी. मिनेसोटातल्या कॉलेजव्हिलचं सेंट जॉन्स, बेनेडिक्टाइन संन्याशांच्या मठाचं छोटंसं कॉलेज. १९५३ ते २०१२, मुक्काम तिथेच. आधीची मोंटानातल्या कॅरल कॉलेजची चार वर्षं धरून ४८९ विजय आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं.

सुरुवात मात्र नाइलाजाने झाली. १९४३ साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडमध्ये शाळेचा कोच महायुद्धावर गेला आणि टीम बंद पडायची वेळ आली. तेव्हा १६ वर्षांच्या या पोराने ती अंगावर घेतली. खेळाडू म्हणून जे जे नकोसं वाटायचं, ते त्याने आधी काढून टाकलं. सरावात पाणी प्यायचं नाही, असा तेव्हाचा खाक्या होता. याने पाणी प्यायला दिलं.

मग हे काढून टाकणं आयुष्यभर चाललं. शिट्टी नाही. 'कोच' म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं (आपल्याकडे पीटीच्या सरांना नावाने हाक मारून बघा!). टीममधून कुणाला काढायचं नाही. दीड तासाच्या वर सराव नाही, आणि डास फार झाले तर तोही नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सरावात कुणी कुणाला अंगावर जाऊन पाडायचं नाही. ज्या खेळाचा जीवच पाडापाडीत, तिथे हे! वॉर्म-अपमध्ये तर चक्क गवतावर उताणं पडायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, "काय मस्त दिवस आहे!"

हे लाड नव्हते. वाचलेला वेळ एकेक डाव बिनचूक बसेपर्यंत घोटण्यात जायचा, आणि शनिवारी मैदानात उतरणारी पोरं ठणठणीत असायची. २००३ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात सलग ५५ सामने जिंकत आलेल्या माउंट युनियन कॉलेजला त्यांनी २४-६ असं लोळवलं. तेव्हा गलार्डी ७७ वर्षांचे होते.

माझ्या मते हे छोट्या कॉलेजातच होऊ शकलं. मोठ्या विद्यापीठात टीव्हीचा पैसा आणि देणगीदार मानगुटीवर बसलेले असतात. तिथे दोन सामने हरल्यावर "पोरं गवतावर लोळतात, कोच बघत बसतो" म्हणून घरचा रस्ता दाखवला असता. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या (म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांच्या) आठही कोचनी हंगामातल्या सरावात पाडापाडी बंद करायचं ठरवलं, डोक्याच्या दुखापतींच्या भीतीने. गलार्डींकडे ती कित्येक दशकं बंद होती.

सगळं गोडच होतं असं नाही. शेवटची वर्षं उतरतीची होती, अखेरच्या हंगामात ५ जिंकले, ५ हरले. पण ते सोडून, "डिव्हिजन थ्रीच्या (सेंट जॉन्ससारख्या छोट्या कॉलेजांच्या गटातल्या) विजयांना काय किंमत" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती कुणालाच देता येत नाही. पैसे टाकून तगडे गडी आणायची सोय गलार्डींना नव्हती आणि समोरच्यालाही नव्हती. दोन्हीकडे फी भरून शिकणारी पोरं, आणि तरीही हा माणूस ४८९ वेळा जिंकला.