गळतं तिथे दुखत नाही

स्किड स्टीअर लोडर, म्हणजे पुढे दोन आर्म (उचलणारे हात) आणि त्यांना बकेट (माल भरायचं खोरं) असलेलं छोटं लोडर, हे मुळातच हट्टी यंत्र. याची चाकं वळत नाहीत. डावीकडची एका वेगाने, उजवीकडची दुसऱ्या वेगाने फिरतात आणि त्या ओढाताणीत अख्खं मशीन जमीन खरवडत जागच्या जागी गिरकी घेतं. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सिरिल आणि लुई केलर या भावांनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी याचा पूर्वज बनवला. शेडमधल्या खांबांच्या मधून फिरेल आणि वरच्या मजल्यावरही चालेल असं छोटं काहीतरी त्याला हवं होतं, पक्ष्यांची विष्ठा उपसायला. ज्या यंत्राचा जन्मच या कामासाठी झाला, ते मालकाला सुखाने झोपू देईल ही अपेक्षाच चुकीची.

आमचं मशीन सकाळी अगदी शहाण्यासारखं वागायचं. तेल तापलं की मात्र बकेट अर्ध्यावर जाऊन विचारात पडायची. ऑपरेटर लिव्हर शेवटपर्यंत दाबून धरायचा, मशीन कण्हायचं आणि बकेट उपकार केल्यासारखी वर सरकायची.

हायड्रॉलिक, म्हणजे पंपाने दाबलेल्या तेलावर बकेट हलवणारी यंत्रणा, बिघडलं की बघ्यांतला प्रत्येक जण वैद्य होतो, आणि सगळ्यांचं निदान एकच: “पंप गेला.” वाळू टाकायला आलेला ट्रकवालासुद्धा खाली न उतरता खिडकीतूनच सांगून गेला. पंपच का? तर तो सगळ्यात महाग असतो म्हणून. स्वस्त वस्तू बिघडली असेल असं म्हणणाऱ्याला कोणी जाणकार समजत नाही.

मिस्त्री आले ते पाना न काढताच सीटवर जाऊन बसले आणि सीट बार (ऑपरेटरच्या पुढ्यात येणारा सुरक्षेचा दांडा) वरखाली करत राहिले. मला वाटलं, दमले असतील. पण त्यात अर्थ होता. बार खाली नसेल किंवा सीटवर माणूस नसेल, तर आर्म आणि बकेटचे व्हॉल्व्ह कुलूपबंद राहतात. हे ओळखणाऱ्या स्विचमध्ये माती शिरल्यामुळे आजवर किती निरपराध पंप उतरवले गेले असतील, देव जाणे. आमचा स्विच ठीक होता.

मग प्रेशर बघायचं ठरलं. गेज (दाब दाखवणारा काटा) लावायचं पुढच्या कपलरला, म्हणजे तेलाची नळी जोडायच्या तोंडाला. काम दोन मिनिटांचं. पण कपलरमध्ये दाब अडकून बसला होता, त्यामुळे ते आत जाईना. मिस्त्रींनी इंजिन बंद करून लिव्हर हलवली, मी ढकललं, ऑपरेटरने ढकललं, शेवटी दोघांनी मिळून ढकललं. ते बसलं तेव्हा दोघांच्या तोंडावर तेलाचा सडा पडला. अशा मशीनचं मेन रिलीफ (जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) साधारण २०० बारच्या आसपास असतं, म्हणजे नखाएवढ्या जागेवर दोनशे किलोचा भार. काटा तिथवर पोचत होता, पण तापल्यावर थरथरत होता.

“काटा कापतोय,” मिस्त्री म्हणाले आणि गप्प झाले. चांगला मिस्त्री आणि चांगला डॉक्टर यांची ही एक सवय सारखी: नेमकं आपला जीव वरखाली होत असताना गप्प बसायचं.

तोवर ऑपरेटरने स्वतःचा गुन्हेगार पकडून आणला होता. बकेटच्या सिलिंडरजवळच्या होजच्या (तेलाच्या नळीच्या) जोडातून तेल पाझरत होतं. “बघा भाऊ, सगळं प्रेशर इथून चाललंय!” असं म्हणत त्याने तिथे बोट नेलं आणि मिस्त्री असे ओरडले की आजूबाजूचं काम थांबलं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सुटलेलं दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण थेट शस्त्रक्रियेची वेळ येते, बोटही जातं. गळती शोधायची ती पुठ्ठा फिरवून. पुठ्ठा फिरवला. तेल फवारत नव्हतं, नुसतं ओघळत होतं. “त्याला रडू दे,” मिस्त्री म्हणाले. “रडणाऱ्याने मशीन बसत नाही.”

यानंतर केबिन उचलायची होती. त्याआधी आर्म पूर्ण खाली घ्यायचे, नाहीतर वर त्यांना लॉक लावायचा. नुसत्या तेलाच्या भरवशावर उभ्या असलेल्या आर्मखाली मान घालणारा माणूस मला धाडसी नाही, उतावळा वाटतो. केबिन मागे कलली आणि खालचा संसार उघडा पडला: पंप, होज, वायरी आणि सगळ्यांवर तेलात भिजलेल्या मातीचा जाड थर. तिथे हात जातो पण पाना जात नाही. पाना गेला तर फिरत नाही. आणि फिरला की निसटून अशा कपारीत पडतो जिथे आता हातही जात नाही. हे मशीन आखणाऱ्या इंजिनिअरला एकदा तरी त्याचा सक्शन होज (टाकीतलं तेल पंपाकडे नेणारी नळी) त्याच्याच हाताने बदलायला लावायला हवा.

मिस्त्रींनी टाकीतलं थोडं तेल पारदर्शक बाटलीत काढलं. ते ताकासारखं पांढुरकं होतं. माझ्या पोटात गोळा आला. तेलात पाणी शिरलं असतं तर सगळंच उपसावं लागलं असतं. मिस्त्रींनी बाटली सपाट जागी ठेवली आणि हात पुसत बसून राहिले. हळूहळू तळाशी तेल नितळ व्हायला लागलं आणि पांढरेपणा वर सरकत गेला. पाणी असतं तर रंग असा झटकन उतरला नसता. म्हणजे ही हवा होती. तेल दाबलं तरी जवळपास दबत नाही, हवा मात्र मुकाट दबते; म्हणून काटा कापत होता आणि बकेट विचारात पडत होती.

पण हवा शिरते कुठून? टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या वाटेने. तिथे पंप तेल ओढत असतो, त्यामुळे जोड सैल पडला तर तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. खाली थेंब नाही, डाग नाही. बाहेर रडणाऱ्या होजवर सगळे तुटून पडले होते आणि आतला हा सज्जन कोरडा ठणठणीत बसला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी!

मिस्त्रींनी कललेली केबिन टेकूवर पक्की केली, इंजिन हळू चालू ठेवलं, फिरत्या भागांपासून हात लांब ठेवून सक्शनच्या एकेका जोडावर जाड ग्रीस फासलं आणि कान लावला. एक जोड, काही नाही. दुसरा, काही नाही. टाकीजवळच्या क्लॅम्पवर ग्रीस बसलं आणि कण्हणं एकदम खाली आलं. मला शहारा आला. क्लॅम्प सैल होता आणि खालचं रबर इतकं जुनं की तापल्यावर लिबलिबीत व्हायचं.

होज बदलला, क्लॅम्प बदलला, फिल्टरही बदलला. तेल भरून आर्म सावकाश वरखाली केले, हवा निघेपर्यंत. तेल तापल्यावर पुन्हा गेज लावलं. काटा ठाम.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर कामाला लागला. इतक्या दिवसांच्या सवयीने त्याने लिव्हर शेवटपर्यंत दाबली, बकेट सपकन वर गेली आणि अर्धा माल मागे केबिनच्या छतावर आला. तो कपडे झटकत खाली उतरला आणि मला म्हणाला, “भाऊ, मिस्त्रींना विचारून बघा, पूर्वीसारखं जरा मऊ करता येईल का?”