चिमटीतलं अंडं

मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातल्या पहारेकरीण बाईंनी भर दालनात माझ्यावर बोट रोखून ‘सिन्योरा!’ असा आवाज चढवला. का, तर मी फरशीवर गुडघे टेकून बसले होते. हौसेने कोण बसतंय? फोन काकांचा, पोझ काकांची, अंडंही काकांनाच हवं होतं.

काका आमच्या टूरमधले. पिसाला त्यांनी कलता मनोरा तळहातावर तोलल्याचा फोटो काढून घेतला आणि तेव्हापासून काहीतरी सावरल्याशिवाय त्यांना करमेना. इथे समोर पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं, १४७२ ते १४७४ च्या सुमाराचं चित्र. मधोमध मेरी, मांडीवर झोपलेला बाळ येशू, मागे संत आणि देवदूत ओळीने उभे, पुढ्यात चिलखत घालून गुडघे टेकलेला ऊर्बिनोचा अधिपती फेदेरिको. आणि वर, मेरीच्या बरोब्बर डोक्यावर, दगडी शिंपल्यातून लोंबणारं पांढरंशुभ्र अंडं.

“बल्ब आहे,” काका म्हणाले.

“काका, पंधराव्या शतकात?”

“म्हणजे तेव्हाचा बल्ब.”

काकू पुढे झाल्या. “अहो, देवाच्या डोक्यावर अंडं कोण टांगतं? त्यात आज संकष्टी.”

मी सांगायला गेले. तिकडे जुन्या चर्चमधून शहामृगाची अंडी टांगायचे. कुणी त्यात कुमारी मातेच्या पोटी झालेला जन्म बघतं, कुणी फेदेरिकोच्या घराण्याची खूण, कारण त्यांच्या चिन्हांत शहामृग होताच. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “शहामृग शाकाहारी का गं?” मी म्हटलं, बहुतेक. मग त्यांनी मेरीला नमस्कार केला.

“आता ते अंडं माझ्या चिमटीत आलं पाहिजे,” काकांनी हात वर केला. “खाली बसा मॅडम. अजून खाली. जरा डावीकडे.”

खरी गंमत अशी की ते अंडं मेरीच्या डोक्यावर नाहीच. मागच्या कमानींचा हिशेब मांडला तर ते तिच्यापासून कितीतरी मागे, पार आतल्या अर्धगोलात लोंबतंय. डोळ्याला मात्र डोक्यावरच दिसतं. पर्स्पेक्टिव्हवर, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या शास्त्रावर, ग्रंथ लिहिणाऱ्या पिएरोने मोजूनमापून केलेली करामत काका ‘जरा डावीकडे’ म्हणत माझ्या गुडघ्यांच्या जोरावर करू बघत होते. जमतही आलं होतं. तेवढ्यात ‘सिन्योरा!’ मी वळून बघते तर काका शेजारच्या चित्रापुढे हात मागे बांधून, कलासमीक्षकासारखे मान हलवतायत.

मला बघायचं होतं ते वेगळंच. फेदेरिकोचा उजवा डोळा एका स्पर्धेत गेला होता, म्हणून तो इथेही डावीच बाजू दाखवतो. शिरस्त्राण, हातमोजे काढून जमिनीवर ठेवलेत. बाळाच्या गळ्यात लाल पोवळं आहे. दृष्ट लागू नये म्हणून तिकडेही पोरांना ते घालत, आणि इथे तो पुढे सांडणाऱ्या रक्ताचाही रंग. फेदेरिकोच्या समोरची जागा, जिथे बायकोने बसायचं, ती रिकामी. बात्तिस्ता १४७२ मध्येच गेली, मुलगा जेमतेम काही महिन्यांचा असताना. त्या रिकाम्या जागेमागे बाप्तिस्मा देणारा संत योहान उभा आहे, जिच्या नावाचा अर्थही ‘बाप्तिस्मा देणारा’ असाच, तिच्या बाजूने. हे नीट बघायला घटकाभर तरी नको का?

पण टूर मॅनेजरचा झेंडा हलला. संग्रहालयाला अर्धा तास. पुढे चामड्याच्या पर्सच्या दुकानाला दोन तास, आणि तिथे कुणी घाई करत नाही, कुणी ओरडत नाही, उलट कॉफी देतात. पैसे दोन्हीकडे माझेच.

रात्री ग्रुपवर फोटो आला. काकांची टोपी, वर चिमूट, चिमटीत अर्धं अंडं. मेरी टोपीमागे गेलेली. काकूंनी खाली लिहिलं होतं, ‘अँगल चुकलाय. उद्या दुसऱ्या कुणाला सांगा.’

त्यावर काकांचा अंगठा.